अ‍ॅट्रॉसिटी कोणी केली?

दोस्तहो, आपल्या पोरांच्या कवितेत कोर्टाचे इंग्रजी शब्द फार येतात. वॉरंट, रिमांड, लॉकअप, चार्जशीट, एफआयआर. येऊ देत. हे शब्द आपण कुठल्या डिक्शनरीतून उचलले नाहीत, ते आपल्या दारात चालत आले. चार्जशीट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पोलिसाकडून नाही, गिरणीत. साहेबाला उलट बोललो म्हणून हातात कागद पडला. तेव्हा शुद्ध मराठीवाल्यांची वकिली मी करणार नाही. कोर्टाला न्यायालय म्हणलं म्हणून न्याय काही जवळ येत नाही.

माझं भांडण वेगळं आहे. शब्द घेतो, पण तो कुणाच्या बाजूनं बोलतोय हे आपण बघत नाही.

अ‍ॅट्रॉसिटी हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याचा अर्थ अमानुष क्रूर कृत्य. १९८९ च्या कायद्याच्या नावात तो बसला, मराठी नावात ‘अत्याचार प्रतिबंध’ आलं, आणि ३० जानेवारी १९९० पासून कायदा लागू झाला. म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी करणारा कोण? ज्यानं विहिरीवरनं हाकललं, घर जाळलं, बाईची धिंड काढली तो. आता चावडीवर, एस्टीत जरा कान द्या. ‘त्यानं पाटलाच्या पोरावर अ‍ॅट्रॉसिटी केली.’ केली, टाकली, ठोकली! मार खाल्लेला माणूस झाला कर्ता आणि मारणारा झाला कर्म. माझी शाळा लवकर सुटली, पण कर्ता-कर्म एवढं कळतं. खुनाची फिर्याद देणाऱ्याला ‘यानं खून केला’ असं कुणी म्हणतं काय? चोरीची तक्रार दिली म्हणून कुणी चोर ठरतो काय? ही उलटापालट याच कायद्याच्या वाट्याला आली.

आणि आपण काय करतो? आपणच म्हणतो, ‘चल, अ‍ॅट्रॉसिटी करू.’ कवितेतला नायक अ‍ॅट्रॉसिटी ठोकतो आणि सभेत टाळ्या पडतात. समोरच्यानं घडवलेलं वाक्य आपण आपल्या तोंडानं पक्कं करतोय. एकदा बोलण्यात तक्रार हाच गुन्हा ठरला की ‘दुरुपयोग’ हा शब्द मागून आपोआप येतो. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हीच भाषा धरून अटकेला आणि गुन्हा नोंदवायला अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं त्या सूचना मागं घेतल्या. बोली भाषेतली चूक म्हणून हे सोडून देऊ नका.

कायद्याच्या पोटातलं इंग्रजीही वाचायला शिका, दोस्तहो. कलम ३(२)(पाच) मध्ये आधी शब्द होते ‘ऑन द ग्राउंड’. म्हणजे माणूस अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून गुन्हा केला, हे सिद्ध करायचं. आता मारणाऱ्याच्या डोक्यातलं कारण कुठनं आणायचं? वकील म्हणायचा, जमिनीचा वाद, बांधाचं भांडण, जुना सूड. जात कुठाय यात? २०१५ च्या दुरुस्तीनं तिथं ‘नोइंग’ आलं, २६ जानेवारी २०१६ पासून. जात माहीत असून केला, एवढं पुरे. गावात जात कुणाला माहीत नसते? इवलासा बदल, पण शब्दाचं वजन बघायचं तर इथं बघा. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली, पण हा कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली आणि कारण सांगितलं सूडाचं. सूड! जणू सूडाला जात नसते.

मराठी पेपरवालेही कमी नाहीत. इंग्रजीत आरोपी सुटतो तो बऱ्याचदा पुरावा संशयापलीकडं गेला नाही म्हणून. मराठीत मथळा येतो ‘निर्दोष मुक्तता’. निर्दोष हा शब्द कुठनं आला? मग गावभर पेढे, आणि फिर्यादी खोटा.

तसंच पीसीआर. पोलिसांच्या एका टेबलावर तीच तीन अक्षरं नागरी हक्क संरक्षण, दुसऱ्या टेबलावर पोलिस कोठडी. आपला माणूस ऐकतो आणि घाबरतो. त्याचं बरोबरच आहे.

पण मला सगळ्यात जास्त टोचतो तो ‘फितूर’. इंग्रजीत साक्षीदार ‘होस्टाइल’ होतो, मराठीत फितूर. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याचा शब्द आपण शेतमजुराला लावला. तो ज्याच्या रानात खुरपायला जातो, ज्याच्या दुकानातनं उधारीवर मीठ-मिरची आणतो, तोच आरोपी. साक्षीदाराला संरक्षण द्यावं असं २०१५ च्या दुरुस्तीनं लिहिलं, पण रात्री त्याच्या दारात उभं राहायला कोण येतो? आपल्या कवितेतही हा माणूस गद्दारच असतो. साक्षीच्या आदल्या रात्री त्याच्या घरात काय बोलणं झालं, बायको काय म्हणाली, चूल पेटली का, यावर आपल्यातल्या कुणाची कविता अजून माझ्या वाचनात आलेली नाही.