आठव्या टप्प्यावरचा सूर्योदय

डोंगर चढून आलेल्या लेखकाने वाचकाला शिखरावरचा सूर्योदय दाखवलाच पाहिजे, असा प्रवासवर्णनाचा एक अलिखित नियम होऊन बसला आहे. परदेशातील पर्वतांच्या रात्रीच्या चढाईवरील लेख पाहावेत. रात्र चार ओळींत उरकते आणि पहाट दोन पाने व्यापते. या दोषाची मीमांसा करताना उदाहरणासाठी आम्ही इतर कोणाचाही लेख घेतलेला नाही. आमचाच घेतला आहे. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिरंजीवांकडे जपानला गेलो असताना आम्ही एका जथ्याबरोबर फुजी या ज्वालामुखी पर्वताच्या वाटेला लागलो. परतल्यावर त्याचा वृत्तान्त सभेत वाचला आणि पुढे तो याच पत्रिकेत छापूनही आला. काही वाचकांच्या तो स्मरणात असेल. तो स्मरणातून जावा, अशी आता आमची इच्छा आहे.

त्या वृत्तान्ताला मापदंड लावला तो लाफ्काडिओ हर्न यांच्या ‘फुजि-नो-यामा’ या निबंधाचा. ‘एक्झॉटिक्स अँड रेट्रोस्पेक्टिव्ज’ या त्यांच्या १८९८ च्या पुस्तकातील हा पहिलाच निबंध. हर्न १८९६ मध्ये जपानचे नागरिक झाले आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९७ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी फुजी चढले. त्यांचा एक डोळा शाळकरी वयातच गेलेला आणि दुसरा अधू. अशा माणसाने जगातील एका अत्यंत देखण्या पर्वताविषयी लिहायचे, म्हणजे शब्दांची आरास मांडण्याचा मोह केवढा! हर्न तो मोह टाळतात. लांबून निळसर, निमुळता, जणू आकाशातून खाली सोडलेला दिसणारा हा पर्वत जवळ जाताच काळ्या राखेचा आणि लाव्ह्याच्या खंगरांचा ढीग निघतो, हे ते स्पष्ट सांगतात. सौंदर्य अंतराचे होते. पायाखाली जे आहे ते भयाण आहे. ही निराशा त्यांच्या निबंधाचा कणा आहे. दुसरे असे की, वर नेणाऱ्या वाटाड्यांचे ऋण ते झाकत नाहीत. आपण दमलो, आपल्याला ओढून न्यावे लागले, हे लिहिताना त्यांची लेखणी अडखळत नाही.

आता आमचा वृत्तान्त. त्यात राख नाही. वास्तविक योशिदा मार्गावर सुमारे २३०० मीटर उंचीवरील पाचव्या टप्प्यापासून निघाल्यावर काही वेळातच झाडी संपते आणि पुढे सगळा चढ भुरभुरीत राख व टोकदार दगड यांचाच आहे. आमच्या लेखात वाटाडीही नाही. ती पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी होती. जथ्यातील चौदा जणांना वारंवार थांबवून ती श्वास कसा सोडावा हे शिकवीत होती. आठव्या टप्प्यावरील झोपडीवजा निवाऱ्यात आम्ही सारे खांद्याला खांदा लावून आडवे झालो, तेही लेखात नाही. तिथे वर्ग एकचे अधिकारी आणि विद्यार्थी यांना सारखीच वीतभर जागा मिळते. लेखात आहे तो फक्त शिखरावरचा सूर्योदय, ‘गोराइको’. तो तब्बल दीड पान आहे.

आणि तो आम्ही शिखरावरून पाहिलेलाच नाही.

मध्यरात्रीनंतर जथा उठला तेव्हा आमचे डोके ठणकत होते आणि उभे राहताच पोटात ढवळत होते. वर पाहिले तर कपाळावरच्या दिव्यांची रांग वळणावळणाने आकाशात शिरलेली दिसत होती. पन्नासेक पावलांवर आम्ही खाली बसलो. वाटाडीने आमची नाडी पाहिली, पाठीवरची पिशवी स्वतः उतरवून घेतली आणि हाताला धरून निवाऱ्याकडे परत आणले. झोपडीच्या म्हाताऱ्या मालकाने गरम पाणी दिले. सूर्य उगवला तेव्हा त्याच्याशेजारी बाकावर आम्ही पांघरूण लपेटून बसलो होतो. खाली ढगांचे पठार पसरले होते. म्हाताऱ्याने हात जोडले, म्हणून आम्हीही जोडले. ३७७६ मीटरचे शिखर आमच्या डोक्यावर तसेच राहिले. जथा परतल्यावर त्यांनी केलेली वर्णने आम्ही लक्षपूर्वक ऐकली, आणि इंदुरास येऊन तीच प्रथमपुरुषात लिहिली.

एका स्नेह्याजवळ हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, “अहो, ललित लेखन आहे ते, सरकारी पंचनामा नव्हे. सूर्य तर तोच!” हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. परंतु सूर्य तोच असला तरी तो दाखवणारा माणूस बदलला. खऱ्या वृत्तान्तात एक परकी मुलगी आणि एक म्हातारा होता. खोट्यात आम्ही एकटेच उरलो. असत्याने लेखात भर पडली नाही, तो रिकामा झाला. ललित लेखकाला रंग भरण्याची मुभा असते, पण ज्यांच्या आधाराने तो उभा राहिला त्यांना चित्रातून पुसण्याची नसते.

फुजीच्याच इतिहासात याचा एक निवाडा सापडतो. एदो काळात, म्हणजे १८६८ पूर्वीच्या जपानात, ‘फुजी-को’ नावाची भक्तमंडळे होती. सभासद वर्गणी जमवीत आणि आपल्या भिशीसारखी चिठ्ठी टाकून काही जणांना सर्वांच्या वतीने पर्वतावर पाठवीत. ज्यांना कधीच जाता येणार नव्हते त्यांच्यासाठी एदो शहरात फुजीच्या प्रतिकृतीचे छोटे टेकाड रचले जाई, कधी खुद्द फुजीवरचे लाव्ह्याचे दगड आणून. वर जाणारा एकट्यासाठी जात नसे. आम्हांला वाटते, प्रवासवर्णनकार हाही असाच वर्गणीतून पाठवलेला प्रतिनिधी असतो. ‘पूर्वरंग’ वाचून ज्यांनी घरबसल्या जपान पाहिला, त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्यावर असाच विश्वास टाकला होता. आमच्या सभेत त्या संध्याकाळी बसलेल्या ज्येष्ठांपैकी बहुतेकांना फुजी कधी दिसणार नव्हता. त्यांच्यासाठी आणलेला दगड आम्ही वाटेतल्या दुकानातून उचलला होता.

शिखरावरच्या सूर्योदयाच्या या हव्यासाची किंमत आता पर्वतही मोजतो आहे. विश्रांती न घेता एका रात्रीत धावतपळत शिखर गाठणाऱ्यांचे हाल आणि वाटेवरची चेंगराचेंगरी पाहून योशिदा मार्गावर २०२४ मध्ये दिवसाला ४००० गिर्यारोहकांची मर्यादा आणि २००० येन शुल्क लागू झाले. २०२५ मध्ये शुल्क ४००० येन झाले आणि इतर तीन मार्गांवरही आकारले जाऊ लागले. निवाऱ्यात जागा राखून न ठेवणाऱ्यांना दुपारनंतर फाटक बंद असते. या गर्दीला केवळ छायाचित्रे कारण नाहीत. शिखर हेच सर्वस्व असे लिहिणारे आमच्यासारखे लेखकही तिला थोडे जबाबदार आहेत.

आमचे बिंग फोडले ते मात्र ना हर्न यांनी, ना कुणा समीक्षकाने. फुजीच्या वाटेवर लाकडी काठी विकत मिळते आणि प्रत्येक थांब्यावर तिच्यावर तापल्या लोखंडाचा शिक्का उमटवून घेता येतो. ती काठी आमच्या दिवाणखान्यात मानाने उभी आहे. गेल्या दिवाळीत नातू आला होता. त्याला जपानी वाचता येते. बोट फिरवत तो एकेक शिक्का वाचत गेला आणि आठव्यापाशी थांबला.

“आजोबा, वरचा शिक्का कुठाय?”

सूनबाईंनी विषय बदलला. आम्ही त्याला शेजारी बसवले आणि त्या म्हाताऱ्याची, गरम पाण्याची आणि त्या मुलीची हकीकत सांगितली. त्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. सभेत वाचलेला वृत्तान्त दुसऱ्यांदा ऐकवण्याची विनंती आम्हांला आजवर कुणी केलेली नाही.