सोमकुवर आणि पावडे

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील, लेखिकेच्या संस्कृत शिक्षणाची हकिकत सांगणारा लेख विशेष गाजला. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या 'पॉयझन्ड ब्रेड' (१९९२) या इंग्रजी संग्रहात त्याचा अनुवाद आला. आपल्या धर्मग्रामांतील घरांत मात्र तो फारसा पोहोचलेला दिसत नाही. दलित साहित्य हे दुसऱ्या कोणाचे तरी दुःख, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे.

हकिकत थोडक्यात अशी. नागपूरच्या महार कुटुंबातील एक मुलगी हट्टाने संस्कृत घेते. जुन्या वळणाचे गोखले गुरुजी तिला भेदभाव न करता शिकवतात. पुढे कुत्सित शेरे ऐकत ती एम. ए. होते, परंतु प्राध्यापकाची नोकरी काही मिळत नाही. मग तिचा आंतरजातीय विवाह होतो, कुमुद सोमकुवरची कुमुद पावडे होते आणि काही महिन्यांतच सरकारी महाविद्यालयाचे दार उघडते. पदवी तीच, विद्या तीच, फक्त आडनाव नवे. नोकरीचे श्रेय लेखिका त्या आडनावाला देते. सोमकुवर वंचितच राहिली, असे तिचे म्हणणे.

लेखाचे खरे बळ मला या कलाटणीपेक्षा त्याच्या आरंभात जाणवते. संस्कृतच्या विदुषी म्हणून लोक तिचे कौतुक करतात आणि त्या कौतुकानेच ती घायाळ होते. कारण स्तुतीमागे अचंबा आहे, आणि अचंब्यामागे 'ही, आणि संस्कृत?' हा न उच्चारलेला प्रश्न. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला मानाची जागा मिळते आणि गरिबाला पायाशी बसवले जाते. पावडे यांच्या लेखात तिला मानाची जागा तर मिळते, पण ती तिथे कशी काय आली, हे नवल सभागृहाच्या चेहऱ्यावरून हटत नाही. उच्चशिक्षणातील विषमतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे नवल इतक्या अचूकपणे फारच थोड्यांनी टिपले असेल.

गोखले गुरुजींचे चित्रही लेखिकेने कृतज्ञतेने रंगवले आहे. काही वाचक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतील, पाहा, चांगली माणसे होतीच की. होती, पण गुरुजींच्या विद्यार्थिनीला नोकरीसाठी आडनाव बदलेपर्यंत थांबावे लागले, हेही त्याच लेखात आहे.

भाषेबद्दल एक शब्द. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बोली येते. पावडे यांची मराठी प्रमाण आणि संस्कृतकडे झुकणारी आहे. क्वचित ती जड होते. परंतु जी भाषा आपल्याला नाकारली गेली, तिच्यावरचा हक्क लेखिका इथे वाक्यावाक्यातून बजावते, असे ध्यानात घेतले म्हणजे तो जडपणा खटकत नाही.

आता या लेखाचे आपल्याशी नाते. वलवण-लोणावळ्याहून लोकलने पुण्याच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या आपल्या मुलांनाही 'आडनाव काय?' हा प्रश्न भेटतोच. ख्रिस्ती माणसांतही डिसोझा आणि साळवे ही आडनावे एकाच कानाने ऐकली जात नाहीत. धर्मांतर झाले म्हणून जात मागे राहिली असे आपण मानतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात मात्र ख्रिस्तसभेतील जातिभेदाची स्पष्ट कबुली आहे. कायद्याची बाजू वेगळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यात १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती या दोन्ही वेळी बाहेरच राहिले. म्हणजे सरकारदरबारी ज्याला ख्रिस्ती असल्यामुळे दलित धरले नाही, त्याला आपल्याच बाकावर दलित म्हणून ओळखले गेले.

हे दुखणे जुने आहे. गोव्यातील दिवाडीच्या मातेउश द कास्त्रू यांना पोर्तुगीज राजवटीत एतद्देशीय म्हणून गुरुदीक्षा नाकारली गेली. त्यांनी रोम गाठले, तिथे अध्ययन केले आणि १६३७ साली ते बिशप झाले; तरी गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना मान्यता दिली नाही. आणि हेच कास्त्रू आपल्या ब्राह्मणत्वाचा अभिमान बाळगून होते! वर्णभेदाचा चटका ज्याला बसला, त्यालाही जातीची ऊब सोडवली नाही.

दुसरीकडे १८५५ साली फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध छापला, तो 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकाने. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. ज्यांना कुठे लिहायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी ख्रिस्ती नियतकालिकाने पान मोकळे केले, ही परंपराही आपलीच.

पावडे २०२३ साली निवर्तल्या. 'अंतःस्फोट' जुन्या ग्रंथालयांत शोधावे लागेल. मिळाल्यास घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आधी संस्कृतचा लेख वाचावा आणि मग उरलेले पुस्तक. वडीलधाऱ्यांनी तो वाचताना लेखिकेचे कौतुक जरा बेतानेच करावे. त्या कौतुकाविषयी ती काय म्हणते, ते पहिल्याच पानांत आहे.