मराठी चित्रपटसंगीताची तबकडी : संग्रह, संहिता आणि समीक्षा

प्रस्तावना

मराठी चित्रगीत हा विषय आता महाविद्यालयीन अभ्यासकांना परका राहिलेला नाही. ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, जगदीश खेबुडकर, ना. धों. महानोर यांच्या चित्रगीतांवर प्रबंध लिहिले जातात, चर्चासत्रांतून निबंध वाचले जातात. ही स्वागतार्ह बाब होय. मात्र या लेखनाचा आधार तपासला असता तो बहुधा छापील गीतसंग्रहाचा असल्याचे आढळते. गीत कवितेप्रमाणे वाचले जाते, त्यातील प्रतिमा, अलंकार, लोकतत्त्व यांची नोंद घेतली जाते आणि चाल, स्वर, वाद्यमेळ यांविषयी एखादे गौरवपर वाक्य लिहून प्रकरण संपते. अभ्यासकाने गीत ऐकले असेल, तर ते कोणत्या ध्वनिमुद्रणावरून ऐकले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

कवितेचा अभ्यासक कोणत्या आवृत्तीचा पाठ घेतला, हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. संतसाहित्यात तर पाठभेदांची चर्चा ही समीक्षेची पहिली पायरी मानली जाते. चित्रगीताच्या बाबतीत ही शिस्त आपण का सोडतो? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, चित्रपटसंगीताची ध्वनिमुद्रिका, म्हणजे आपल्या बोलीतील तबकडी किंवा रेकॉर्ड, ही चित्रपटाची लहान नक्कल नसून एक स्वतंत्र संहिता आहे. तिने काय राखले आणि काय वगळले, या दोहोंचा विचार केल्याशिवाय चित्रपटसंगीताची समीक्षा पुरी होत नाही.

तबकडी आणि चित्रपट : दोन संहिता

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कोलकात्यात झाला. फ्रेड गायसबर्ग याने गौहरजान यांचे गाणे त्या वर्षी मुद्रित केले. म्हणजे पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पडद्यावर आला तेव्हा तबकडी ३० वर्षांची झाली होती. नाट्यपदे ऐकण्याची सवय तिने श्रोत्यांना लावली होती आणि ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार गोविंदराव टेंबे हेही रंगभूमीवरूनच आलेले होते. चित्रपटाचे गाणे तबकडीवर गेले, ते असे आधीच घडलेल्या साच्यात गेले.

हा साचा काळाचा होता. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या १० इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत पडद्यावरील गाणे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होई आणि तबकडीसाठी तेच गाणे वेगळे गाऊन घेतले जाई. पुढे पार्श्वगायन रूढ झाल्यावरही चित्रपटातील एखादे कडवे तबकडीवर येत नसे, मधले संगीत आटोपशीर होई, प्रसंगानुसार मध्ये येणारे बोलणे गळे. म्हणून ‘चित्रपटातील गाणे’ आणि ‘रेकॉर्डवरील गाणे’ ही दोन निवेदने ठरतात. पहिले प्रसंगाला बांधलेले असते, दुसरे प्रसंगातून सुटून घराघरांत, हॉटेलात, मांडवात फिरायला निघालेले असते.

माध्यम बदलले तसा साचाही बदलला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची एल.पी. अमेरिकेत १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची लहान तबकडी १९४९ मध्ये आली. पुढे भारतातही त्या रुळल्या. एल.पी.च्या एका बाजूस २० मिनिटांहून अधिक ध्वनी मावू लागला. मराठी चित्रपटांच्या वाट्याला बहुधा सात इंची ई.पी. येई आणि तीवर साधारणतः चार गाणी बसत. चित्रपटात सहा गाणी असतील तर कोणती चार घ्यायची, हा निर्णय दिग्दर्शक वा कवी घेत नसून बाजार घेत असे. आज एखाद्या चित्रपटाची ‘गाजलेली गाणी’ म्हणून आपण ज्यांचा उल्लेख करतो, त्यांत या निवडीचा वाटा किती, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे.

श्रेयाचा प्रश्न

तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेला गोल कागद हा अभ्यासकासाठी मुखपृष्ठाइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज होय. चित्रपटाचे, गायकाचे व संगीतकाराचे नाव, कंपनीचा क्रमांक आणि त्या कागदालगतच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मुद्रणक्रमांक यांवरून गाण्याचा काळ आणि कुळ ठरवता येते. परंतु हा कागदही नेहमी सरळ बोलत नाही. ‘महल’ (१९४९) या हिंदी चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते. पार्श्वगायिका ही स्वतंत्र कलावंत आहे, ही जाणीव उद्योगात तेव्हा पुरती रुजलेली नव्हती, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

मराठीत याची दुसरी बाजू दिसते. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने आले. ते नाव लता मंगेशकर यांनीच धारण केले होते. ज्या गायिकेचे नाव एकेकाळी तबकडीवरून गाळले गेले, तिनेच पुढे संगीतकार म्हणून आपले नाव मागे ठेवले. या दोन घटना एकत्र वाचल्या तर श्रेयनाम ही निव्वळ माहिती राहत नाही. कलावंताचे स्थान, उद्योगातील सत्ता आणि स्वेच्छा यांची ती खूण ठरते.

‘संत तुकाराम’ (१९३६) या प्रभातच्या चित्रपटाचे उदाहरण मराठीच्या अध्यापकांना विशेष जवळचे वाटेल. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला. केशवराव भोळे यांची चाल आणि विष्णुपंत पागनीस यांचा आवाज यांनी त्या रचनेला अशी प्रामाणिकता दिली की शब्दांचा कर्ता विसरला गेला. येथे ध्वनीने संहितेचे कर्तृत्वच बदलले. छापील गाथेपुरते पाहणाऱ्याला हा प्रकार कळेल, पण तो का घडला हे कळण्यासाठी गाणे ऐकावेच लागेल.

तबकडीने काय वगळले?

येथवर तबकडीच्या बाजूने बोलल्यानंतर तिची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाश्चात्त्य देशांत चित्रपटसंगीताचा संग्राहक प्रामुख्याने पार्श्वसंगीत जमवतो. जॉन विल्यम्स यांच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटाच्या वाद्यवृंदसंगीताची दोन तबकड्यांची जोडी निघाली, ती गाण्यांसाठी नव्हती. आपल्याकडे मात्र ‘चित्रपटाची रेकॉर्ड’ म्हणजे गाण्यांची रेकॉर्ड, हे समीकरण पक्के झाले. परिणामी पार्श्वसंगीत, शांतता, रस्त्यावरचा आवाज, संवादाची लय हे सारे संग्रहाबाहेर राहिले आणि पाठोपाठ समीक्षेबाहेरही गेले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘कुंकू’ (१९३७). व्ही. शांताराम दिग्दर्शित या चित्रपटात रूढ पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातूनच उपजणाऱ्या आवाजांवर भर देण्यात आला. संगीतकार पुन्हा केशवराव भोळेच. जरठविवाहाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या नीरेची घुसमट वाद्यमेळाच्या आधाराशिवाय प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे, हा त्या काळातील एक धाडसी सांगीतिक निर्णय होता. परंतु तो कोणत्याही तबकडीवर सापडणार नाही, कारण न वाजवलेले संगीत मुद्रित करता येत नाही. भोळे यांचे ‘कुंकू’मधील कर्तृत्व जो केवळ गाण्यांवरून जोखेल, त्याच्या हातून त्यातील सर्वांत मोलाचा भाग निसटेल.

जब्बार पटेल यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘जैत रे जैत’ (१९७७) हा गाण्यांच्या आधाराने पुढे सरकणारा चित्रपट आहे. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत सलग ऐकले तरी कथेचा बराचसा ओघ हाती लागतो. याउलट ‘सामना’त (१९७४) गाणी मोजकी. भास्कर चंदावरकर यांच्या संगीताचे कार्य मुख्यतः प्रसंगाच्या तळाशी चालते. तबकडी पहिल्या चित्रपटाला बऱ्याच अंशी न्याय देते, दुसऱ्याला देऊ शकत नाही. चंदावरकरांच्या चित्रपटसंगीताचा लोकप्रिय लेखनात उल्लेख कमी आढळतो, त्याचे एक कारण येथे शोधता येईल.

गाण्याव्यतिरिक्त ध्वनीलाही श्रोता असतो, हे बाजाराला ठाऊक नव्हते असे नाही. ‘शोले’च्या (१९७५) संवादांची तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली आणि ती प्रचंड खपली. गावोगावच्या कर्ण्यांवरून लोकांनी तो चित्रपट अक्षरशः ऐकला. दूरदर्शनच्या बाबतीत मात्र काळाने साथ दिली नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मालिकांचे युग १९८४ च्या ‘हम लोग’पासून अवतरले. तोवर कॅसेटने बाजार काबीज करण्यास आरंभ केला होता. दूरचित्रवाणीच्या शीर्षकसंगीताचा तबकडीवरील वारसा आपल्याकडे जवळपास नाहीच, याचे कारण अभिरुचीपेक्षा तंत्रज्ञानाच्या या चुकामुकीत आहे.

संग्राहक : जतनकर्ता की मालक?

वॉल्टर बेन्यामिन याने १९३१ मधील आपल्या ग्रंथसंग्रहावरील निबंधात संग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते हे उपयोगापलीकडचे नाते म्हणून पाहिले. हे निरीक्षण तबकडीच्या संग्राहकालाही लागू पडते. भारतात या नात्याने खरे विद्याकार्य केले आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था, तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक, त्यामागील डॉ. सुरेश चांदवणकर यांचे परिश्रम आणि कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ ही कामे विद्यापीठांच्या बाहेर, हौशी व्यक्तींनी उभी केली. विद्यापीठीय संगीतसमीक्षेने त्यांचे ऋण पुरेसे मान्य केलेले नाही.

तथापि संग्राहकाच्या दृष्टीतही एक दोष संभवतो. दुर्मीळता आणि कोरेपणा यांना तो सर्वोच्च मूल्य देतो. विनाइलच्या आजच्या पुनरागमनाने ही वृत्ती बळावली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल तबकड्यांची संख्यात्मक विक्री सी.डी.पेक्षा अधिक झाली. आपल्याकडील महानगरांतही जुन्या तबकड्यांना भाव आला आहे. भाव आला की वस्तू वाचते, हे खरे. पण बाजार जे मागतो तेवढेच वाचते. ओरखडलेली मराठी ई.पी., वेष्टन हरवलेली लाखेची तबकडी यांना या बाजारात स्थान नाही.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

याच ठिकाणी परभणीसारख्या जिल्ह्याचा प्रश्न वेगळा होतो. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भूभागातील श्रोता मराठीबरोबर उर्दू-हिंदीही सहज ऐकणारा. येथे तबकडी ही सर्वांच्या घरात असणारी वस्तू नव्हती. ती मोजकी संपन्न घरे सोडल्यास लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे, हॉटेलवाल्याकडे आणि टॉकीजमध्ये असे. लग्नसराई, यात्रा, परभणीचा सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस या निमित्तांनी ती गावाच्या कानावर पडे. बाकीची भूक रेडिओ भागवी. १९५२ नंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रगीतांना कात्री लागली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. हे सारे प्रसारण तबकड्यांवरच चाले.

म्हणून येथील तबकडी झिजलेली असते आणि ही झीज हाच तिचा अभ्यासविषय आहे. एका बाजूचे गाणे पोलादी पिनांनी खरवडून गेलेले आणि दुसऱ्या बाजूचे जवळपास कोरे, असे आढळले तर गावाची पसंती कोणत्याही प्रश्नावलीवाचून कळते. कागदी शिक्क्यावर शाईने लिहिलेले मालकाचे नाव, गावाचे नाव, वेष्टनावरील दुकानाचा शिक्का ही लोकसंगीताच्या श्रवणेतिहासाची साधने होत. मुंबईचा संग्राहक ज्या प्रतीला नाकारील, तीच प्रत जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासाला हवी आहे.

ती आज वेगाने नष्ट होत आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या भागात पत्र्याखाली आडव्या रचलेल्या विनाइल तबकड्या वाकतात; लाखेच्या तबकड्या हात निसटताच फुटतात; उरलेल्या भंगारात जातात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातील कोठारास लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मची रिळे मोठ्या संख्येने जळाली, हे आपण जाणतो. जेथे फीत नष्ट होते तेथे तबकडी हा त्या ध्वनीचा एकमेव साक्षीदार उरू शकतो. त्या आगीची बातमी तरी झाली. भंगाराच्या गाड्यावर गेलेल्या तबकडीची नोंदसुद्धा होत नाही.

निष्कर्ष

१. चित्रगीतावरील प्रबंधात ज्या ध्वनिमुद्रणावरून अभ्यास केला त्याचा प्रकार, कंपनी, क्रमांक व कालावधी नमूद करणे बंधनकारक मानावे. चित्रपटातील आणि तबकडीवरील पाठांत भेद असल्यास तो नोंदवावा.

२. तबकडीवर नसलेले संगीत हे समीक्षेचे क्षेत्र होय. पार्श्वसंगीताचा अभ्यास प्रत्यक्ष चित्रपट पाहूनच करावा, गाण्यांच्या संग्रहावरून संगीतकाराचे मूल्यमापन करू नये.

३. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातील तबकड्यांची सूची विद्यार्थ्यांकरवी करावी. संग्रह विकत घेण्याची ऐपत नसली तरी शिक्क्याची व वेष्टनाची छायाचित्रे आणि मालकाच्या आठवणी यांची नोंद करणे अल्प खर्चात शक्य आहे. तबकड्या उभ्या, सावलीत ठेवाव्यात आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीस विनाइलची बारीक सुई लावू नये, एवढी दक्षताही पुष्कळ काही वाचवील.

४. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. शब्द व चाल यांचे हक्क वेगळे असतात. हा भेद ध्यानी घेऊन जुन्या मुद्रणांचे अंकीय रूपांतर अभ्यासासाठी हाती घ्यावे.

मराठी विभागांनी हे काम संगीत विभागांचे म्हणून सोडून देऊ नये. ज्या शास्त्राने आपल्याला हस्तलिखितांचे पाठभेद वाचायला शिकवले, तेच शास्त्र येथे उपयोगी पडणार आहे. आपल्या जिल्ह्यातील तबकड्यांची सूची आपण केली नाही, तर ती बाहेरून येऊन कोणी करील अशी शक्यता दिसत नाही.