निद्रिस्तेच्या उशाशी कोण?
(फ्युसेलीच्या ‘दुःस्वप्न’ या चित्राविषयी)

स्वप्ने, पुराणकथा व अद्भुत यांचा चित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेला हेन्री फ्युसेली (१७४१–१८२५) मुळात दीक्षित धर्मोपदेशक होता. त्याचा जन्म झ्यूरिकचा. १७६१ साली झ्विंग्लीच्या परंपरेतील सुधारित पंथात त्याला दीक्षा मिळाली. पुढल्याच वर्षी त्याने आपला मित्र लाव्हाटर याच्यासह एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे अन्याय उघडकीस आणले. त्या अधिकाऱ्याच्या वजनदार घराण्याचा रोष ओढवला आणि त्याला नगर सोडावे लागले. व्यासपीठ सुटले ते कायमचेच. पुढे तो लंडनमध्ये चित्रकार झाला.

त्याचे ‘दुःस्वप्न’ हे चित्र १७८१ चे. १७८२ च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याने खळबळ उडवली. आज ते अमेरिकेत डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. शुभ्रवस्त्रा स्त्री शय्येवर पडली आहे. मस्तक व बाहू काठावरून खाली लोंबत आहेत. तिच्या छातीवर एक ओबडधोबड पिशाच्च उकिडवे बसले आहे. पडद्यातून निस्तेज पांढऱ्या डोळ्यांच्या घोड्याचे मुख आत शिरले आहे. झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या भुताची कल्पना उत्तर युरोपच्या लोककथांत जुनीच आहे. फ्युसेलीने तिला कोणत्याही काव्याचा वा शास्त्रवचनाचा आधार दिला नाही. त्या काळी चित्राला कथेचा आधार असावा अशी अपेक्षा असे. येथे केवळ भय आहे, त्याचे कारण नाही.

याच चित्रकाराने दोनच वर्षांपूर्वी, १७७९ मध्ये, मिल्टनच्या ‘पॅरेडाइज लॉस्ट’मधील एक प्रसंग रंगवला होता. त्या काव्याच्या चौथ्या सर्गात सैतान बेडकाच्या रूपाने निद्रिस्त हव्वेच्या कानाशी बसून तिच्या स्वप्नात विष कालवीत असतो. इथुरिएल हा देवदूत त्याला भाल्याने स्पर्श करतो आणि सैतान आपल्या खऱ्या रूपात ताडकन उभा राहतो. दोन्ही चित्रांचे मूळ एकच दिसते: झोपलेली स्त्री आणि तिच्याजवळ दबा धरून बसलेले अशुभ. फरक इतकाच की दुसऱ्या चित्रात देवदूत नाही. पिशाच्चाला कोणी ओळखत नाही, कोणी स्पर्श करीत नाही. उलट तेच आपल्याकडे, प्रेक्षकाकडे, रोखून पाहते. भाला आता कोणाच्या हाती आहे, असेच जणू ते विचारते.

बायबलमधील स्वप्ने या कसोटीवर पाहावीत. बेथेल येथे याकोब भयभीत होतो, पण त्याच्याशी कोणी बोललेले असते. ईयोबाच्या ग्रंथात अलीफजाच्या अंगावर रात्री काटा उभा राहतो, आकृती दिसते, आणि मग वाणी ऐकू येते. योसेफाला स्वप्नातच आज्ञा मिळते. शास्त्राला रात्रीचे भय अपरिचित नाही. मात्र त्या भयात मनुष्य संवादाला मुकत नाही. फ्युसेलीच्या स्त्रीला मात्र ना वाणी आहे ना श्रोता. ही त्याच्या कलेची मर्यादा म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. एकाकी भय कसे असते, हे त्याने प्रामाणिकपणे दाखवले आहे.

हे मला उशिरा उमगले. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एक भगिनी माझ्याकडे आली. रात्री छातीवर कोणी बसते, ओरडावेसे वाटते पण ओठ हलत नाहीत, असे ती सांगत होती. मी तिचे बोलणे अर्ध्यावर थांबवले, पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली आणि तिला निरोप दिला. आज वैद्यकशास्त्र सांगते की स्वप्नावस्थेत शिथिल झालेले स्नायू पूर्ववत होण्याआधीच मन जागे झाले, तर नेमका हाच अनुभव येतो. खोलीत कोणी असल्याचा भासही होतो. मला ते ठाऊक नव्हते, हा माझा मोठा दोष नव्हे. तिला झोप लागते का, घरी काय चालले आहे, हे मी विचारले नाही, हा दोष मोठा. माझी नजर पिशाच्चावर होती; स्त्रीकडे मी पाहिलेच नाही.

आपल्या धर्मशिक्षकांनी हे चित्र एकदा अवश्य पाहावे. भुते खरी की खोटी हा वाद त्यासमोर नको. शय्येवर पडलेल्या त्या व्यक्तीजवळ आधी कोणी बसावे, तिचे पूर्ण ऐकावे, गरज असेल तर वैद्याकडे न्यावे. प्रार्थना त्या ऐकण्यातूनच उगवावी. फ्युसेलीने रिकामी ठेवलेली जागा ही आपल्या सेवेची जागा आहे.