'द स्कार्लेट लेटर': शिक्षा की व्रत?

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची ही कादंबरी (१८५०) बहुधा निषिद्ध प्रेमाच्या प्रायश्चित्ताची कथा म्हणून शिकविली जाते. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. सतराव्या शतकातील प्युरिटन बोस्टनमध्ये हेस्टर आपल्या कलंकाचे लाल अक्षर उरावर उघड वागविते आणि सेवेने त्याचा अर्थच पालटविते. तिचा प्रियकर, धर्मोपदेशक डिम्सडेल, तोच कलंक सात वर्षे लपवितो. परंतु त्या गुप्त वेदनेमुळेच त्याची प्रवचने श्रोत्यांच्या हृदयास भिडतात. असत्यातून श्रद्धेस बळ मिळावे, हा कादंबरीतील खरा पेच होय. अखेरीस शिक्षेच्या चौथऱ्यावर तो कबुली देऊन प्राण सोडतो. तरीही काही प्रतिष्ठित साक्षीदार ती कबुली नाकारतात! हेस्टर मात्र कालांतराने स्वेच्छेने परतून तेच अक्षर पुन्हा धारण करते. ही शिक्षा की व्रत, हा प्रश्न अध्यापकांनी वर्गात खुला ठेवावा, अशी आमची विनंती आहे.