अरिथा फ्रँकलिन यांच्या गायनातील ‘मान’

संस्कृत साहित्यशास्त्रात ‘मान’ ही विप्रलंभ शृंगाराची एक अवस्था गणली आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले असून, मान म्हणजे कोप, असे म्हटले आहे. हा कोप घालविण्याचे साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसांतर असे सहा उपायही तो देतो. नायिकेचा मान हा असा कोणत्या ना कोणत्या उपायाने दूर व्हावयाचाच असतो; तो दूर न होता मान्य व्हावा, हा विचार त्या व्यवस्थेत येत नाही. मराठीत या शब्दाचा रुसव्याचा अर्थ मागे पडला आणि आदराचा अर्थ मुख्यत्वे उरला. अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) यांच्या ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत हे दोन्ही अर्थ एकाच नायिकेच्या ठिकाणी एकत्र आलेले आढळतात. मुद्रिकेचे मर्म तेथेच आहे.

‘सोल’ या नावाने ओळखले जाणारे गायन कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंदिरांतील गॉस्पेल आणि लौकिक ब्लूज यांच्या संयोगातून सिद्ध झाले. फ्रँकलिन यांचे वडील डेट्रॉइट येथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे विख्यात प्रवचनकार होते व तेथेच त्यांचा कंठ घडला. १९६० पासून सुमारे सहा वर्षे कोलंबिया कंपनीने त्यांच्याकडून जॅझ व प्रचलित भावगीते गाऊन घेतली. ती मुद्रिते टाकाऊ नाहीत. पण मंदिरातील गायनाचा गाभा, म्हणजे एका आवाजाने पुकारावे आणि समूहाने साद द्यावी ही रीत, त्यांत बहुधा बाजूलाच राहिली. अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी त्यांना पुन्हा पियानोवर बसविले, आणि ती रीत परत आली. जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातील मसल शोल्स येथे शीर्षकगीत ध्वनिमुद्रित झाले. तेथे उद्भवलेल्या वादामुळे काम थांबले आणि उर्वरित गीते फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पुरी झाली. मार्चमध्ये मुद्रिका प्रसिद्ध झाली.

मुद्रिकेत अकरा गीते आहेत. पहिले ‘रिस्पेक्ट’ हे ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये रचून गायिलेले. मूळ गीतातील पुरुष कामावरून घरी परतणारा आहे. आपल्या पाठीमागे स्त्रीने काहीही करावे, परंतु घरी आल्यावर आपला मान राखावा, एवढे तो मागतो. फ्रँकलिन यांनी शब्दांत केलेला बदल वरवर किरकोळ दिसतो. त्यांची नायिका म्हणते की तुझ्या पाठीमागे मी वावगे वागणार नाही, कारण तशी माझी इच्छाच नाही. देण्यासाठी तिच्याजवळ स्वतःचा पैसाही आहे. निष्ठा येथे आज्ञेतून येत नाही, स्वेच्छेतून येते. आणि म्हणूनच मानाची मागणी याचना राहत नाही. संगीतातील बदल अधिक खोल आहे. मूळ गीतात नसलेला एक मधला खंड येथे घातला असून त्यात किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन वाजतो. त्या वेळी स्वराधार मूळ षड्जापासून तीव्र मध्यमाइतक्या दूरच्या स्वरावर सरकतो. जमीन क्षणभर हलते आणि गीत परत घरी येते तेव्हा ते अधिक ठाम झालेले असते. पुढे शब्दाचे एकेक अक्षर सुटे करून उच्चारले जाते. जणू समोरच्याला तो शब्द वाचताच येत नसावा! बहिणी कॅरोलिन व अर्मा यांची साद या सबंध गीतात नायिकेच्या पाठीशी उभी आहे. रेडिंग यांचा पुरुष एकटा होता. ही स्त्री एकटी नाही.

जून १९६७ मध्ये हे गीत अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या सूचीत अग्रस्थानी पोचले. पुढे नागरी हक्कांच्या आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळींनी ते आपलेसे केले, आणि तेव्हापासून त्याचे विवेचन जाहीरनाम्याप्रमाणे होत आले आहे. हा अर्थ त्यात नाही असे नव्हे. परंतु त्याने गीत मुद्रिकेतून उपटून काढले जाते आणि उरलेल्या दहा गीतांतील दुबळेपणाचे काय करावयाचे हे मग कळेनासे होते. दुसरा पक्ष ते सारे गायिकेच्या त्या काळच्या वैवाहिक जीवनावर नेऊन घालतो. चरित्राने गीत सिद्ध झाले असते, तर पहिले ‘रिस्पेक्ट’ रेडिंग यांना सुचलेच नसते.

गीतांचा क्रमच या दोन्ही पक्षांना उत्तर देतो. ‘रिस्पेक्ट’च्या पाठोपाठ ‘ड्राउन इन माय ओन टियर्स’ येते. रे चार्ल्स यांनी १९५६ मध्ये लोकप्रिय केलेल्या या गीतात नायिका अश्रूंत बुडालेली आहे. त्यानंतरच्या शीर्षकगीतात तर प्रियकर खोटारडा आणि फसवणारा आहे हे ती स्वतःच सांगते, आणि तरी असे प्रेम आजवर कोणावर केले नाही असेही सांगते. स्पूनर ओल्डहॅम यांच्या विद्युत-पियानोवरील काही खर्जातले, संथ स्वर गीताचा आरंभ करतात. त्रिमात्रिक डोलाची लय जवळजवळ अडखळत पुढे सरकते. निर्वेद, ग्लानी, अमर्ष आणि औत्सुक्य हे संचारी भाव एकाच ओळीत एकमेकांना ढकलत असल्यासारखे वाटतात. मान मागणारी आणि स्वतःला सावरू न शकणारी ह्या दोन स्त्रिया नव्हेत. किंबहुना जिला आपली अगतिकता ठाऊक आहे, तिच्याच तोंडी मानाची मागणी जड वाटते. अन्यथा ती केवळ ऐट ठरली असती.

‘बेबी, बेबी, बेबी’मध्ये ती स्वतःचा अपराधही पत्करते. ‘डॉक्टर फीलगुड’ हे गायिकेने पतीसह रचलेले संथ ब्लूज उघड उघड संभोगशृंगाराचे आहे. प्रियकर जवळ असता इतरांनी घरात येऊन बसू नये, असे ती विनोदाने पण निक्षून सांगते. या गीतातील पियानो व आलापी थेट मंदिरातील आहेत. ईश्वराच्या स्तवनाची भाषा देहसुखाला वापरताना त्यांना संकोच वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तो वाटू नये इतकी ती सहज आहे. ‘सोल सेरेनेड’ आणि ‘गुड टाइम्स’ ही गीते मात्र विसाव्यापुरतीच. ती नसती तरी काही उणे झाले नसते.

डॅन पेन व चिप्स मोमन या दोन पुरुषांनी रचलेले ‘डू राइट वुमन, डू राइट मॅन’ मसल शोल्सला अर्धवट राहिले होते. न्यूयॉर्कला पियानो, ऑर्गन आणि बहिणींचे स्वर यांची भर पडून ते पूर्ण झाले. स्त्री हे खेळणे नसून हाडामांसाचे माणूस आहे, आणि चांगली स्त्री हवी असेल तर पुरुषानेही चांगले असावे, असा त्याचा आशय. ‘रिस्पेक्ट’चीच मागणी येथे हळू आवाजात, समजुतीच्या सुरात येते. विश्वनाथाच्या उपायांपैकी ‘साम’ येथे नायकाने योजलेला नाही. तो मानिनीनेच योजला आहे. यापुढच्या ‘सेव्ह मी’मध्ये ती याच प्रेमातून सोडविण्याचा धावा करते, म्हणजे समजूत फळाला आली नाही.

शेवटचे ‘अ चेंज इज गॉना कम’ हे सॅम कुक यांचे १९६४ चे गीत प्रेमाचे नाही, आणि त्यामुळे ते येथे कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. फ्रँकलिन यांनी आरंभी स्वतःचे काही शब्द जोडले आहेत. हृदयाला भिडणारे असे काही एका जुन्या मित्राकडून आपण ऐकले, अशा आशयाचे ते निवेदन आहे. कुक यांचा मृत्यू डिसेंबर १९६४ मध्ये झाला होता. वांशिक अन्यायाचे हे गीत त्या एका निवेदनाने दिवंगत स्नेह्याच्या स्मरणात गुंफले जाते, आणि मुद्रिकाभर एका पुरुषाकडे मागितलेला मान शेवटी सबंध समाजाकडे मागितला जातो. मूळ मुद्रितातील वाद्यवृंदाचा भव्य विस्तार येथे नाही. पियानो त्यांचाच आहे, आणि आवाज चढतो तो हळूहळू.