वर्णपटांतील काळ्या रेषा आणि आपलें सुबोध लेखन

शास्त्रीय विषय सोपे करून सांगणारीं मराठी पुस्तकें व लेख हल्लीं बरेच निघतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्रकाशाच्या वर्णपटासंबंधीं नवशिक्यांसाठीं जें लिहिलें जातें, त्याविषयीं एक तक्रार मांडल्यावांचून राहवत नाहीं. तापलेला विरळ वायु तेजस्वी रेषा देतो, तो उत्सर्जन-वर्णपट. थंड वायु पांढऱ्या प्रकाशांतून कांहीं रंग गिळतो व तेथें काळ्या रेषा उमटतात, तो शोषण-वर्णपट. एवढें सांगून लेखक मोकळा होतो. या व्याख्या खोट्या नाहींत. पण दोहोंस जोडणारा दुवा हाच या विषयाचा प्राण, आणि नेमका तोच सुटतो.

स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतींत मीठ टाकावें. चांगल्या वर्णपटदर्शकांतून सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा 589.0 व 589.6 नॅनोमीटरवर दिसतात. आतां त्याच ज्योतीमागें तिच्याहून पुष्कळ उष्ण असा पांढरा दिवा ठेवला, तर त्याच दोन जागा काळ्या पडतात. फ्राउनहोफरनें 1814 च्या सुमारास सूर्यप्रकाशांत पाहिलेल्या काळ्या रेषांचें मर्म किर्खोफनें 1859 मध्यें याच मार्गानें उलगडलें. अणूंत ऊर्जेच्या पायऱ्या ठराविकच असतात. एखादी पायरी चढतांना तो जितकी ऊर्जा घेतो, तीच उतरतांना तितकीच देतो. म्हणून जागा एकच.

मीही कित्येक वर्षें वर्गांत "गिळतो" हाच शब्द वापरीत असें. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, अणु घेतलेला प्रकाश परत देतो ना? मग रेषा काळी कां?" तेव्हां मला माझ्या शब्दांतील खोट कळली. अणु प्रकाश घेतो तो एका दिशेनें येणारा. परत टाकतो तो मात्र चहूंकडे. आपल्या वाट्यास त्यांतला थोडाच येतो. रेषा काळी दिसते ती शेजारच्या झगझगाटामुळें. तेथें प्रकाश मुळींच नसतो असें नव्हे.

याचा सुंदर पुरावा 22 डिसेंबर 1870 च्या खग्रास ग्रहणांत स्पेनमध्यें यंग यास मिळाला. सूर्यबिंब झांकलें जातांच काळ्या रेषांच्या जागीं तेजस्वी रेषा क्षणभर झळकल्या. वायु तोच होता. फक्त पाठीमागचा दिवा झांकला गेला होता.

आपल्याकडे या विषयाचा उल्लेख निघाला कीं विजयदुर्गाचें नांव येतें, आणि हेलियमचा शोध 1868 मध्यें लॉकियरनें त्या किल्ल्यावर लावला असें बेधडक लिहिलें जातें. वास्तविक 18 ऑगस्ट 1868 चें ग्रहण जान्सेननें गुंटूर येथून पाहिलें. लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांत होता, आणि ऑक्टोबरांत त्यानें ग्रहणावांचूनच सूर्याच्या कडेवरील तेजस्वी रेषा टिपल्या. त्यांतील 587.6 नॅनोमीटरवरील पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हें पुढें ठरलें; तो वायु पृथ्वीवर रॅम्झेला 1895 मध्यें सांपडला. लॉकियर विजयदुर्गास आला तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठीं.

अभिमानाच्या भरांत सन चुकविणें आणि सोपेपणाच्या भरांत दुवा गाळणें, हीं एकाच उतावळेपणाचीं दोन रूपें आहेत. नवशिक्या वाचकास कमी ठाऊक असतें, पण त्याची बुद्धि कमी नसते. त्याच्या हातीं प्रथम ती मिठाची ज्योत द्यावी. व्याख्या मागाहून दिल्या तरी चालतील.